वीस रेघांचं कापड

११ एप्रिल

चि. ढगोबास,

आईचे अनेक आशीर्वाद. बाबांचेही आहेतच.

पत्र या वेळी माझ्या हातचं बघून बिचकू नकोस. बाबांची बोटं जरा आखडली आहेत, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. माझं अक्षर तुला लागतं ना? शाळेत तुझ्या गैरहजेरीच्या सगळ्या चिठ्ठ्या याच अक्षरात गेल्या आहेत.

तुझं पत्र बोटीवर भिजलं असावं. दोन ओळी पसरल्या होत्या, बाकीचं नीट वाचता आलं. तुझ्या त्या बेटावर वारा इतका की टोपीला दोरी लावून ती हनुवटीखाली बांधता, हे वाचून हसू आलं. शिंप्याचा मुलगा आणि टोपीला सुतळी! सोबत एक टोपी पाठवते आहे, आतून इलॅस्टिक लावलं आहे. वेधशाळेत ढग मोजायची नोकरी आहे म्हणून काय झालं, माणसानं ढगांसमोरही नीटनेटकं उभं राहावं.

दुकान चाललं आहे. कोटाची कामं सध्या घेत नाही. काज-बटण, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं असलं किरकोळ काम येतं आणि ते मला झेपतं. वरच्या मजल्यावरची नर्स हल्ली सकाळ-संध्याकाळ डोकावते, आमची बरीच गट्टी जमली आहे.

कापायच्या टेबलावरचा तुम्हा दोघांचा 'गो'चा डाव, तो तुमचा बटणांनी बटणं वेढायचा जपानी खेळ, जसाच्या तसा आहे. धूळ बसू नये म्हणून मी त्यावर कोटाच्या मोठ्या खोक्याचं झाकण पालथं घातलं आहे. काल एक गिऱ्हाईक त्याच्यावर कापडाचा गठ्ठा टाकायला निघालं होतं. मी अशी ओरडले की तो माणूस मापं न देताच गेला. तू निघालास तेव्हा टेबलावर साठ बटणं होती, आता अठ्ठ्याहत्तर झाली. दर पंधरवड्याला तुझं एक काळं आणि इकडून एक पांढरं. या गतीनं डाव संपेपर्यंत मी पणजी झालेली असेन, आणि त्याआधी तुला लग्नही करावं लागेल.

चाल लिहून घे: पांढरं बटण, डावीकडून अकरावी उभी रेघ, वरून सहावी आडवी. दोनदा मोजली आहे.

एक विचारायचं होतं. बाबांची ती तीन पुस्तकं आहेत ना, मोठमोठ्या खेळाडूंचे डाव एकेका चालीला आकडा घालून छापलेले, खाली टिपा दिलेली, त्यातलं शिकायला आधी कुठलं घ्यावं? हिरवं, विटकरी की कव्हर फाटलेलं? तू आठ वर्षांचा असताना कुठल्यानं सुरुवात केली होतीस? सहज विचारते आहे. बाबांनाच विचार असं म्हणू नकोस. ते शिकवायला लागले की शिकणाऱ्याचं काय होतं हे तुला माहीत आहे.

वेळेवर जेवत जा.

तुझी आई


२४ जून

चि. ढगोबास,

अनेक आशीर्वाद. गेल्या काही बोटींनी नुसत्या चालीच पाठवल्या, आज सवडीनं लिहिते. टोपी बसली हे बरं झालं. "आई, तू आणि गो?" असं लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हं काढलीस, ती मी मोजली. तीस वर्षं मी त्याच खोलीत बसून काजं केली आहेत. तुम्ही दोघं बटणांवरून भांडत होता तेव्हा माझे कान काही बंद नव्हते.

तू सांगितलंस तसं हिरव्यापासून सुरू केलं. टेबलावरच्या डावाला हात लावायचा नाही, म्हणून वेगळा पट केला. जाड कॅनव्हासचा तुकडा घेतला आणि मशीनवर उभ्या-आडव्या टिपा मारून रेघा काढल्या. खडूच्या रेघा पुसल्या जातात, माझ्या जाणार नाहीत. मग पुस्तक उघडं ठेवायचं, त्यातल्या आकड्यांप्रमाणे एकेक बटण मांडत जायचं, आणि खालच्या टिपेवर अस्तराची पट्टी टाकून ठेवायची. पुढची चाल कुठे असेल ते आधी आपण ठरवायचं, मग पट्टी सरकवून बघायचं. पहिला महिनाभर माझी एकही बरोबर आली नाही. आता पाच-सहांतली एखादी येते. परवा सलग दोन आल्या, तर मी उठून चहा केला.

त्या टिपा लिहिणाऱ्याला मी टीपवाले म्हणते. मोठा करडा माणूस आहे. "इथे काळ्याने घाई केली." "ही चाल देखणी, पण पोकळ." "पांढरा हरला तो इथे नव्हे, तीस चालींपूर्वीच." असं म्हणतो आणि त्या तीस चालींत त्या बिचाऱ्याला कल्पनाही नसते. आणि जिथेतिथे समासात बाबांचं पेन्सिलीतलं "खोटं". एके ठिकाणी "साफ खोटं". एके ठिकाणी "यांनी कधी शर्ट शिवला असता तर कळलं असतं." मी वाचत वाचत दोघांचं भांडण सोडवत बसते. खरं सांगायचं तर बऱ्याचदा मलाही बाबांचंच पटतं. टीपवाले म्हणतात की ही बटणं मेली, उचला. आणि माझ्या कापडावर बघावं तर ती चांगली ऐसपैस बसलेली असतात, श्वास घ्यायला जागा शिल्लक.

तुमच्या डावातल्या उजव्या कडेच्या गटाबद्दल तू पानभर लिहिलंस. "बाबा, तो अख्खा गट सोडून देऊन तुम्ही मधे खेळलात तेव्हा मी तीन दिवस नुसता बघत बसलो. तुम्ही असं कधी खेळत नव्हतात. या चालीमागे मनात काय होतं ते सविस्तर कळवा." हे बाबांना दोनदा वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण ऐकत होते. त्यांनी स्वतः दोन ओळी खरडाव्यात असं तू लिहिलंस, तेही त्यांना सांगितलं.

मनात काय होतं म्हणशील, तर फारसं काही नव्हतं. तिकडचं घर सुरक्षित आहे असं वाटलं, म्हणून दुसरीकडे लक्ष दिलं. एवढंच.

चाल: पांढरं, नववी उभी, बारावी आडवी.

पायाला चिखल्या होतात असं लिहिलंस. मोजे कोरडे झाल्याशिवाय घालायचे नाहीत. लहानपणापासून सांगते आहे.

तुझी आई


३ नोव्हेंबर

चि. ढगोबास,

अनेक आशीर्वाद. उभ्यानं वाचत असशील तर आधी बस.

बाबा आहेत, जेवतात, झोपतात, आणि आत्ता माझ्या समोर खुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसांचे कोट बघताहेत. हे आधी लिहिलं म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. १७ मार्चला सकाळी एक बाही कापताना त्यांच्या हातातून कात्री पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकवीस दिवस हॉस्पिटलमध्ये होते. आता काठी धरून पलंगापासून टेबलापर्यंत येतात. वरची नर्स गप्पा मारायला येत नव्हती, त्यांच्या हातापायाचे व्यायाम करून घ्यायला येत होती आणि अजून येते. एप्रिलपासून तुला पोचलेली प्रत्येक चाल माझी आहे.

जुनी पत्रं काढून बघशील. बोटं आखडली आहेत, एवढंच त्यांत धडधडीत खोटं आहे. बाकी सगळं खरं आहे आणि खरं काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी वेधशाळेच्या इथल्या ऑफिसात गेले होते. तिथल्या बाईंनी बिनतारी निरोपाचा फॉर्म पुढे केला, दहा शब्दांत लिहा म्हणाल्या. मी लिहिला. मग विचारलं की बोट कधी, तर आदल्याच दिवशी गेली होती. पुढची पंधरा दिवसांनी. माझ्या डोळ्यांसमोर तू आलास, त्या खडकावर, हातात दहा शब्द आणि समोर नुसतं पाणी. मी फॉर्मची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. बाई म्हणाल्या, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. बाबांनी सांगू नका म्हटलं, अशी ढाल मला पुढे करता आली असती, पण ते म्हणणार कशानं? मीच ठरवलं. आणि चाल आली नाही तर तुला लगेच शंका येईल, म्हणून चालही मीच ठरवली.

पहिली तर अंदाजपंचेच होती. बटणाला चारी बाजूंनी वेढलं की ते उचलायचं आणि शेवटी ज्याची वेढलेली जागा जास्त तो जिंकला, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून ती पुस्तकं काढली. बाबांना विचारायची सोय नव्हती. त्यांना काय कळतं आणि काय नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मे महिन्यात त्यांना एक शब्द परत आला. कुठला, सांग. "बरोबर." चहा हवा का, तर बरोबर. दुखतंय का, तर बरोबर. नर्सनं पाय वाकडा पिरगाळला तेव्हा डोळ्यांत पाणी आणि तोंडात बरोबर. ज्या माणसानं जन्मभर कुणाचं काही बरोबर आहे असं म्हटलं नाही, छापील पुस्तकाचंसुद्धा नाही, त्याच्याकडे तेवढाच शब्द उरावा! आम्ही दोघी हसलो आणि मग मी आत जाऊन रडले.

आता उजव्या कडेचं सांगते. जुलैत मी त्यांच्या खुर्चीसमोर स्टुलावर माझं कापड पसरून हिरव्या पुस्तकातला डाव मांडत होते. टीपवाले म्हणत होते, पांढरी सात बटणं मेली. माझ्या कापडावर ती जिवंत होती. मी तोंडानं टीपवाल्यांचा उद्धार करत होते. बाबांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं, बटणं उधळणार. त्यांनी कापडाची उजवी कड पकडली, शेवटची रेघ आत दुमडली, आणि अंगठ्याच्या नखानं घडी दाबत वरपासून खालपर्यंत नेली, दुमड घालायच्या आधी दाबतात तशी. मग हात मांडीवर ठेवून म्हणाले, "बरोबर."

मी रेघा मोजल्या. वीस होत्या. तीस वर्षांची सवय, रे. कापड बेतताना मी कडेला शिवणीसाठी जागा धरली, आणि मग शिवण घालायची नाही हे विसरून तिथेही टीप मारली. अडीच महिने मी एकोणीस रेघांचा खेळ वीस रेघांवर शिकत होते. आडव्या एकोणीसच होत्या, तिथे कशी कोण जाणे शुद्ध राहिली. म्हणून टीपवाल्यांनी मारलेली बटणं माझ्याकडे श्वास घेत होती. आणि म्हणून तुझ्याबरोबरच्या डावात मला उजव्या कडेचा गट सुखरूप वाटला. मी सगळा विचार कापडावर करायचे, झाकण उचलून टेबलावर फक्त बटण ठेवायचे. तू तीन दिवस ज्या चालीकडे बघत बसलास ती शिवणीची जागा होती. बाबांनी काही सोडून दिलं नव्हतं. ती पाचही बटणं मी फुकट घालवली.

तुला हसू आलं असेल तर हस. मीही हसले. बाबाही हसले, तोंडाच्या एका बाजूनं, आणि मार्चनंतर ते पहिल्यांदाच.

पण त्या दिवशी मला कळलं की आत सगळं शाबूत आहे. एक रेघ जास्त आहे हे त्यांना किती दिवस दिसत होतं कोण जाणे. म्हणजे तुझी पत्रंही त्यांना समजत होती आणि लिहिता लिहिता मी मोठ्यानं वाचते ती माझी उत्तरंही. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. तू हादरशील हे कारण उरलं नव्हतं, कारण आता सांगायला चांगली बातमी होती. जुलैत लिहिलं नाही, ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये नाही. का नाही, तेच लिहायला अवघड आहे.

पूर्वी तुझ्या पत्रात माझ्या वाट्याला काय यायचं ते आठव. "आईला नमस्कार सांगा, तब्येतीला जपायला सांगा." तक्रार नाही. जेवलास का, मोजे वाळले का, यापलीकडे मी तरी तुला काय विचारत होते? पण उन्हाळ्यापासून तू दोन-दोन पानं लिहायला लागलास. ही चाल का खेळलात, मनात काय होतं. माझ्या मनात काय होतं हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तुला माझी एखादी चाल आवडायची आणि तू लिहायचास, "आज खूप शिकलो." पाकिटावर नाव बाबांचं असायचं आणि मी ते हात धुऊन उघडायचे. सप्टेंबरात तू मधली माझी सहा बटणं गिळलीस, तेव्हा मी दिवसभर गुणगुणत होते. गिऱ्हाइकांना वाटलं, कुणाचं लग्न ठरलं. मला तू मिळाला होतास, रे. बाबांच्या नावावर का होईना, समोरासमोर. ते सोडवेना. याची लाज वाटते, पण तेव्हा आनंद झाला नाही असं काही लिहिता येत नाही.

आणि परवा तुझं पत्र आलं. तिथली मुदत आणखी दोन वर्षं वाढवून घेतोस, सही करून कागद डिसेंबरच्या पहिल्या बोटीनं पाठवणार आहेस. "घरी सगळं ठीक आहे. बाबा तर पूर्वीपेक्षा चांगले खेळताहेत, मग मला कसली काळजी?"

हे मी पुन्हा वाचलं. माझ्या चालींच्या भरवशावर तू दोन वर्षं लांब राहायला निघालास. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत. असा दुसरा झटका येऊ शकतो, एवढं मात्र बोलले आहेत. तू सही करशील आणि मग इकडे काही होईल, तर ती चूक कुठली होती हे सांगायला मला टीपवाल्यांची गरज पडणार नाही.

तुझं ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट: "मुदत वाढवतोय, तुमचं काय म्हणणं आहे, बाबा?" ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बरोबर."

त्याचा अर्थ मी तुला सांगणार नाही. मला तो माहीत नाही. साडेसात महिने मी त्यांच्या वतीनं बोलले, ते आता बंद.

माझं मत तू विचारलं नाहीस. तरी सांगते, कारण ते माझं आहे. सही करू नकोस. ये.

रागावून आलास तरी चालेल. मी दार उघडीन आणि बोलणी खाईन. त्या बेटावरच राहायचं असं ठरवलंस तर तेही ठरव, पण ते आता सगळं माहीत असून ठरव. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

या पत्रात चाल नाही. काल दुपारी मी टेबलावरचं झाकण काढलं, तुझं शेवटचं काळं बटण त्यांना दाखवलं आणि पांढऱ्या बटणांचा डबा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. पाऊण तास बसले होते. एक बटण ठेवलं, उचललं, दुसरीकडे ठेवलं, तेही उचललं, तिसरीकडे नेताना ते बोटांतून निसटून घरंगळलं. चाल झाली की नाही, झाली तर त्यातली खरी कुठली, हे समोर बसलेल्यालाच त्यांच्या तोंडाकडे बघून कळेल. मी त्यांच्या शेजारी बसते. समोरची खुर्ची तुझी आहे, आणि तिथून जे दिसतं ते मला रेघा मोजून पोस्टानं पाठवता येत नाही.

वाट बघते आहे. त्यांच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं.

एप्रिलपासून तुझ्याशी खेळणारी,
तुझी आई